पाहुण्यांचे तीन कप

सुखीबाईनं जन्मात तीन गोष्टी कधी मोजल्या नव्हत्या: भाकरीचं पीठ, भाजीचं मीठ आणि तोंडातले शब्द. त्यामुळे त्या दिवशी सकाळी सात वाजता नवऱ्याला चुलीसमोर बसवून, "आयकता का, मिली म्हंजे किती वो?" असं विचारायची पाळी तिच्यावर आली, यात तिचा काही दोष नव्हता. दोष होता तिच्या ईहीनबाईचा, म्हणजे सुनेच्या आईचा.

झालं असं की सुखीबाईची सून ममता एसटीत कंडक्टर लागली. ट्रेनिंग झालं, खाकी कपडे शिवून आले आणि पहिली ड्युटी लागली ती नेमकी वणीहून यवतमाळला जाणाऱ्या गाडीवर. ही गाडी संध्याकाळी पाच वाजता तांड्याच्या फाट्यावर दोन मिनिटं थांबते. सुखीबाईनं ही बातमी आदल्या दिवशी सगळ्या तांड्याला सांगितली, आणि तांडा संपला तेव्हा यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला, ममताच्या आईला फोन लावला. विमलताई म्हणजे शहरातली बाई. ती म्हणाली, "मले ममतानं कालच सांगतलं. मी उद्या येतो. येताना बेकरीतला केक आनतो. तुमच्याकडं काही केक भेटनार नाही, ईहीनबाई."

आता एखादी शहाणी बाई म्हणाली असती, आणा. पण सुखीबाई म्हणजे तांड्याच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. तिनं जमादाराचंही कधी ऐकलं नव्हतं. ती फोनमध्ये म्हणाली, "या घरात गोड माह्या हातानं होते. माह्या सुनेच्या तोंडात पहिला घास माह्या हातच्या केकचा जाइन. विकतचा डबा आनाचा असन तर आना, पन बांधलेलाच वापस न्या लागन." फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की केक आपण खाल्ला आहे फक्त एकदा, सरपंचाच्या नातवाच्या वाढदिवसाला, आणि तोही उभ्याउभ्या.

कृती सापडली. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली की मागं काही ना काही लिहिलेलं असतं. मूळव्याधीवर उपाय, मुलांची नावं, नाही तर खायचं. मार्चच्या पाठीवर होता 'बिनअंड्याचा रवा केक'. तिचा नवरा खेमसिंग सातवी पास. सुखीबाई दुसरीत चार महिने बसली होती, आणि त्यातला एक महिना खरूज झाली म्हणून घरी होती. तेव्हा वाचायचं काम खेमसिंगचं. त्यानं चष्मा लावला, घसा साफ केला आणि पोथी वाचावी तसं वाचलं, "रवा दोन कप. साखर एक कप. दही दोनशे चाळीस मिली. दूध दोनशे चाळीस मिली. तेल एकशे वीस मिली."

"थांबा. रवा कपात अन् दूध मिलीत? एका केकात दोन राज्यं काहून?"

"पातळ असते ते मिलीत मोजते."

"मंग चहा कपात कसा मोजते?"

खेमसिंगकडे याचं उत्तर नव्हतं. तेहतीस वर्षांच्या संसारात त्याच्याकडे सुखीबाईच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं नव्हती, आणि म्हणूनच संसार टिकला होता.

मिली म्हटलं की शेतकऱ्याला एकच गोष्ट आठवते. तो म्हणाला, "फवारणीच्या औषधासंगं मापाचं झाकन येते. पंपाले तीस मिली. सपरीत पडलं हाय, धुऊन आनू का?"

"विषाचं माप माह्या चुलीजवळ आनलं," सुखीबाई शांतपणे म्हणाली, "तर त्याच झाकनानं तुमाले जेवाले वाढीन."

मग निघालं खोकल्याच्या औषधाचं टोपण. दहा मिलीची रेघ त्यावर होती. चोवीस टोपणं दही, चोवीस टोपणं दूध, बारा टोपणं तेल. आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या घराचं दार सकाळपासून उघडं असतं त्या घरात बसून कोणी चोवीसपर्यंत मोजून दाखवावं. दही अकराव्या टोपणावर होतं तेव्हा शेजारची जमनी आली.

"सुखीयाडी, काय करून राह्यली व?" तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि सुखीबाईला तर सगळेच. जमनी तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान होती, तरी म्हणायची.

"औषध पाजून राह्यली."

"कोनाले?"

"दह्याले. बारा, का तेरा? जमने, तुह्या तोंडानं माहे दोन टोपनं गेले."

पुन्हा पहिल्यापासून. मग दूधवाला आला, मग जमनीचं कोंबडं ओट्यावर चढलं, मग जमनीनंच मदत म्हणून मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. पण तिचे आकडे पंधरानंतर एकदम अठरावर जात. शेवटी सुखीबाईनं अंदाजानं ओतलं आणि वरून दोन टोपणं टाकली, पापक्षालन म्हणून.

राहिला कप. सुखीबाईच्या घरात दोन जातीचे कप होते. एक खेमसिंगचा, गुलाबाच्या फुलांचा, वणीच्या जत्रेतून आणलेला, एवढा मोठा की त्यात चिमणी आंघोळ करून जाईल. त्याला घरात 'कमावत्याचा कप' म्हणत आणि त्यात दुसरं कोणी चहा पीत नसे. दुसरे बारा कप पाहुण्यांचे. ते कपाटात काचेमागे असत, आणि काठाला सोनेरी रेघ असल्यामुळे त्यांच्या आकाराकडे सहसा कोणाचं लक्ष जात नसे. सुखीबाईनं विचार केला, केक पाहुण्यांसाठी आहे, तर कपही पाहुण्यांचाच. दोन कप रवा. एक कप साखर.

पातेल्यात रेती तापवली, आत भांडं ठेवलं, वर झाकण घातलं. पाऊण तासानं झाकण काढलं तर आत काहीतरी हळूहळू श्वास घेत होतं. खेमसिंगनं वाटीत घेऊन खाल्लं आणि मनापासून म्हणाला, "खीर मस्त झाली. जरा गोड कमी हाय."

सुखीबाईनं वाटी त्याच्या हातातून काढून घेतली. चूक झाली याचं तिला एवढं दुःख नव्हतं. चुकीची तारीफ झाली, याचं होतं.

जमनी म्हणाली, "रवा कमी पडला व याडी. मोठा कप घे." म्हणून दुसऱ्या वेळी कमावत्याचा कप आला. दोन कप शिगोशीग रवा. हा केक भांड्यातून निघेना. भांडं उलटं करून ओट्यावर आपटलं तेव्हा तो निघाला, आणि ओट्याचा एक टवका उडाला. जमनीनं त्याला बोटानं टकटक वाजवून पाहिलं. "खाली घरकुलाचं काम चालू हाय," ती म्हणाली, "त्याइले पायरीले एक दगड कमी पडून राह्यला."

तेव्हा कुठं खेमसिंगला कॅलेंडरच्या अगदी खालच्या ओळीतलं मुंगीएवढं अक्षर दिसलं. "हे पाह्य इथं. एक कप बराबर दोनशे चाळीस मिली."

"हे आधी काहून नाही वाचलं?"

"खाली होतं."

"मानसाचं नाव पत्रिकेत खाली असलं तर त्याले जेवाले नाही बलावत का?"

पण आता निदान शत्रू समोर आला होता. पाहुण्यांचा कप लहान, कमावत्याचा मोठा, आणि कॅलेंडरचा कप कुठंतरी मधे. कोणत्या कपात दोनशे चाळीस मिली मावतात, हे कळलं की गड सर. टोपणाला आता कोणी हात लावायला तयार नव्हतं. साडेनऊ झाले होते. दही उरलं होतं एका केकापुरतं, आणि अकराच्या गाडीनं विमलताई डबा घेऊन उतरणार होती.

"आपल्या तांड्यात मिलीतलं कळनारा एकच मानूस हाय," खेमसिंग इकडंतिकडं पाहत म्हणाला. "पन तुले पटनार नाही."

तो माणूस म्हणजे हिरासिंग. दोन वर्षांपूर्वी सुखीबाईनंच त्याला समाजमंदिरासमोर बसवून, हातात कडुलिंबाचा पाला देऊन, दारू सोडायला लावली होती. तेव्हापासून तो बकऱ्या राखत होता आणि सुखीबाई दिसली की बकऱ्यांच्या मागं उभा राहत होता. त्याला बोलावणं गेलं तेव्हा तो घाबरून गळ्याची शपथ घेतच आला. काम समजल्यावर मात्र त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज आलं. आयुष्यभर शिकलेली विद्या कोणीतरी विचारत होतं.

"पव्वा म्हंजे एकशे ऐंशी," तो ओट्यावर मांडी घालून म्हणाला. "काचेवर कोरलेलं असते, त्यात खोट नाही. चार पव्वे म्हंजे सातशे वीस. लोक म्हनतात मोठ्या बाटलीत चार पव्वे येतात. येतात, पन वर तीस मिली उरते. आमचे सारे झगडे त्या तीस मिलीचे होते, सुखीयाडी."

खेमसिंगनं जमिनीवर काडीनं हिशेब केला. दोनशे चाळीस तीनदा घेतले तरी सातशे वीसच. चार पव्वे म्हणजे कॅलेंडरचे तीन कप, एक थेंब इकडंतिकडं नाही. सुखीबाईला आकडे कळले नाहीत, पण वाटे कळले. सणाला तांड्यात बोकड पडलं की त्याचे चाळीस घरांचे चाळीस वाटे पाडायला तिलाच बोलावत. तराजू कोणी आणत नसे, आणि आजवर कोणी आपला वाटा बदलून मागितला नव्हता. चार पव्वे पाणी आणि त्याचे तीन वाटे. यात कॅलेंडरची काय बिशाद.

पण त्यासाठी पव्वा पाहिजे. आणि तांड्यात एक रिकामा पव्वा नव्हता. सुखीबाईच्या समितीनं गेल्या महिन्यात घरोघरी, गोठ्यागोठ्यात जाऊन एकूण एक बाटली गोळा केली होती. एकतीस बाटल्यांचं पोतं ग्रामपंचायतीच्या खोलीत पडलं होतं. जमादार पंचनामा करून गेला होता. पोतं न्यायला गाडी येणार होती, ती अजून येऊनच राहिली होती.

चावी नागोराव शिपायाकडे. नागोरावला ग्रामपंचायतीत सत्तावीस वर्षं झाली होती आणि रजिस्टरशिवाय त्यानं कधी कोणाला खराटाही दिला नव्हता.

"पव्वा भेटन," तो म्हणाला. "पन नोंद करा लागन. पंचनाम्यात एकतीस नग हायेत."

"तासाभरात वापस आनतो, नागोराव."

"आना ना. जाताना नोंद, येताना नोंद." त्यानं रजिस्टर उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागला. बाहेर निराधार योजनेचे कागद घेऊन सहाजण बसले होते. "वस्तू: देशी दारूचा पव्वा, रिकामा, एक नग. नेनार: अध्यक्ष, दारूबंदी समिती. कारन?"

"केक."

"केक म्हनून कारन बसत नाही यात." त्यानं बराच विचार केला. "घरगुती वापरासाठी. चालन ना? सही करा."

सुखीबाईला एवढंच लिहिता येत होतं, तिची सही. ती तिनं ग्रामसभेच्या ठरावावर केली होती, दारूबंदीच्या अर्जावर केली होती. आता ती या ओळीसमोर केली, आणि पव्वा पदराखाली घेऊन मान ताठ ठेवून निघाली. निराधारवाले सहाजण आदरानं उठून उभे राहिले. त्यातल्या एका म्हातारीनं तिला नमस्कारही केला. त्या नमस्कारात काय होतं, हे सुखीबाईनं मुद्दाम पाहिलं नाही.

घरी येऊन पव्वा राखेनं तीनदा, लिंबानं दोनदा आणि शिव्यांनी एकदा धुतला. ओट्यावर पाहुण्यांचे कप मांडले. हिरासिंग शेजारी उकिडवा बसला. सुखीबाईनं पव्व्यात पाणी भरून तो उजेडाकडे धरला.

"अजून थोडं," हिरासिंग डोळे बारीक करून म्हणाला. "गळ्यापर्यंत. बूच बसते तिथंवर नाही, त्याच्या बोटभर खाली. हां. आता बराबर हाय."

एक एक पव्वा कपांत रिता होत गेला. चौथा संपला तेव्हा नववा कप काठोकाठ भरला, शेवटच्या थेंबासकट. नऊ कप, तीन वाटे. सुखीबाईनं बोटं मोजली. कॅलेंडरचा एक कप म्हणजे पाहुण्यांचे तीन. खेमसिंगनं लगेच भाग देऊन सांगितलं, "म्हंजे आपला पाहुन्यांचा कप ऐंशी मिलीचा."

नेमक्या त्या वेळी दारातून आवाज आला, "ईहीनबाई."

विमलताई उंबऱ्यात उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सुतळीनं बांधलेला बेकरीचा डबा. तिला दिसलं ते असं: ओट्यावर ओळीनं भरलेले नऊ कप, शेजारी उकिडवा बसलेला हिरासिंग, ज्याची कीर्ती लोहाऱ्यापर्यंत गेली होती, आणि हातात पव्वा घेतलेली दारूबंदी समितीची अध्यक्ष.

"अकरा वाजले," विमलताई म्हणाली. "तुमाले सुरुवात कराले घाई तर झाली नाही ना?"

जमनीनं तोंडात पदर कोंबला. सुखीबाईनं खुलासा केला नाही. खुलासा करणारी बाई अर्धी हरलेली असते, असं तिचं मत होतं. तिनं एक कप उचलून ईहिणीपुढं धरला. "प्या."

विमलताईनं वास घेतला. घोट घेतला. "पानी हाय हे."

"मंग? तुमाले काय पाह्यजे होतं?"

मग सगळं सांगावं लागलं, आणि सांगताना जे सांगायचं नव्हतं तेही खेमसिंगनं सांगून टाकलं. विमलताईनं कप हातात फिरवून सोनेरी रेघ पाहिली. "ऐंशी मिली," ती सावकाश म्हणाली. "पाच वर्षं झाले मी या घरी येऊन राह्यली. चहा पिऊन उठलं की तहान काहून लागते, ते आज समजलं."

"कप लहान असला की मानूस लवकर निघते, ईहीनबाई. तुमच्यावर तोबी नाही चालला."

विमलताई हसली. आधी नाकातून, मग पोटातून. डबा तिनं खाटेवर ठेवला. "करा तुमी. नाही झाला तर हा हायेच."

तो डबा खाटेवरून सगळं पाहत होता, असं सुखीबाईला वाटत राहिलं. सहा कप रवा. तीन कप साखर. तीन कप दही. दूधही तीन कप. तेल दीड कप. रवा फुगायला तासभर ठेवला. फेटायला विमलताईनं न विचारता बाही वर केली. हात मात्र तिचा चांगला होता, हे सुखीबाईनं मनातल्या मनात मान्य केलं आणि तिथंच ठेवलं. सोडा टाकला, भांडं रेतीवर गेलं. जमनीनं दोनदा झाकण उचललं आणि दोनदा हातावर उलथणं खाल्लं. पाऊण तासानं सुखीबाईनं स्वतः झाकण काढलं. आत केक होता. गहूवर्णी, मधे किंचित फुटलेला. सुरी घातली, ती कोरडी निघाली.

हिरासिंगनं टोपी काढली.

पावणेपाचला सुखीबाई परात डोक्यावर घेऊन फाट्यावर हजर होती. मागं खेमसिंग, जमनी, हिरासिंग आणि परतीच्या प्रवासाला निघालेली, डबा घेतलेली विमलताई. गाडी आली. दार उघडलं आणि खाकी कपड्यांतली ममता पायरीवर दिसली. गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटाची मशीन. सुखीबाईला काय काय बोलायचं होतं. ती रस्त्यानं पाठ करत आली होती. पण ममताच आधी बोलली, "याडी, वर ये. दोनच मिनिटं हायेत."

सुखीबाई वर चढली. पहिला तुकडा तिनं आपल्या हातानं ममताच्या तोंडात घातला. ममतानं डोळे मिटून खाल्ला. गाडीभर माणसं पाहत होती. आता माणसं पाहत आहेत म्हटल्यावर त्यांना न देता कसं चालेल? अडतीस प्रवासी आणि ड्रायव्हर. सुखीबाईनं परातीकडे एकदा पाहिलं, सुरी चालवली आणि काडीपेटीएवढे एकोणचाळीस वाटे पाडले. शेवटच्या सीटपर्यंत पोचली तेव्हा तिला कळलं की गाडी सुटली आहे.

"माह्या वाट्याले कोपरा आला," खिडकीशी बसलेली विमलताई म्हणाली. "पन चांगला हाय."

"तुमचा डबा?"

"हा होय?" विमलताईनं डबा पायाखाली सरकवला. "लोहाऱ्यात शेजाऱ्याकडं वाढदिवस हाय. त्याइच्यासाठीच घेतलता."

सुखीबाईच्या जिभेवर तीन उत्तरं आली. तिनं तिन्ही गिळली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

तेवढ्यात पुढून ममता आली. तोंडात अजून केकाचा कण होता. "याडी, कुठं उतरतं?"

"पुढच्या फाट्यावर. काहून?"

"तिकीट."

"सासूचंबी?" सुखीबाईनं विचारलं.

"सासूचंबी. महिला, अर्धं."

मशीन कुरकुरली. सुखीबाईनं कमरेच्या पिशवीतून पैसे काढले, तिकीट घेतलं आणि मागच्यापुढच्या सीटकडे वळून म्हणाली, "पाह्यलं? माही सून हाय. सासूलेबी नाही सोडलं." आणि पुढच्या फाट्यापासून दोन किलोमीटर चालत येताना भेटेल त्याला तिनं ते तिकीट दाखवलं. वाटेत पदराखालचा पव्वा नागोरावला दिला. त्यानं तो उजेडात धरला, वास घेतला आणि परत आल्याच्या रकान्यात लिहिलं, 'स्थिती: स्वच्छ'. एकतीस नगांतला तो तेवढा एकच.

घरी आल्यावर तिनं तिकीट कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं आणि चहा मांडला. खेमसिंग नेहमीसारखा भिंतीला टेकून बसला आणि न पाहता हात पुढं केला. हातात आलं ते हलकं लागलं, म्हणून त्यानं पाहिलं. काठाला सोनेरी रेघ होती.

"माहा कप कुठं हाय?"

गुलाबाच्या फुलांचा कप धुऊन, पुसून, ममताच्या ताटाशेजारी उपडा ठेवलेला होता.

"हे काय हाय मंग?"

"ऐंशी मिली," सुखीबाई म्हणाली, आणि आपला चहा बशीत ओतला.